प्रतीक्षेचा ऋतू : कोवलमची कार्मेलमाता आणि आगमनकाळ

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, बंगालच्या उपसागराच्या काठी कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. केरळमधील याच नावाच्या प्रसिद्ध किनाऱ्याहून ते वेगळे. अठराव्या शतकातील युरोपीय व्यापाराच्या इतिहासात ते ‘कोव्हलाँग’ किंवा ‘काबेलों’ या नावांनी आढळते. सम्राट सहावा चार्ल्स याच्याकडून १७२२ मध्ये सनद मिळालेल्या ऑस्टेंड कंपनीची वखार येथे होती. १७२७ मध्ये त्या कंपनीचा व्यापार स्थगित झाला. पुढे हे ठाणे फ्रेंचांच्या हाती गेले आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने ते जिंकले. यानंतर राजकीय इतिहासातून कोवलम जवळजवळ बाहेर पडते. तेथील धार्मिक इतिहासाचा महत्त्वाचा टप्पा मात्र यानंतरच सुरू होतो. मद्रासमधील पोर्तुगीज वंशाचा धनाढ्य व्यापारी जॉन द माँटे याने १८०८ मध्ये येथे कार्मेलमातेचे चर्च बांधले. १८२१ मध्ये तो वारला आणि याच चर्चमध्ये त्याचे दफन झाले. चेन्नईतील ‘द माँटे कॉलनी’ या वस्तीच्या नावात त्याची स्मृती उरली आहे. २००२ मध्ये मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताचे विभाजन होऊन चिंगलपेट धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून कोवलमचा धर्मग्राम त्यात मोडतो.

कार्मेलमातेचा सण १६ जुलैला येतो. आगमनकाळ, म्हणजे नाताळापूर्वीचा सुमारे चार आठवड्यांचा काळ, नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होतो. त्यामुळे कोवलमच्या ग्राममातेचा आणि आगमनकाळाचा परस्परांशी विशेष संबंध नसावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु उपासनेचे वर्ष, किनाऱ्यावरील ऋतुमान आणि लोकभाषेतील भक्ती या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, की हा संबंध स्पष्ट होऊ लागतो. शतकानुशतके आगमनकाळाचा शास्त्रोक्त आशय लॅटिन भाषेत बंदिस्त होता आणि तो सामान्य श्रद्धावंतांपर्यंत प्रामुख्याने मरियेच्या भक्तीतून पोहोचला. मातृभक्ती ही आगमनकाळाची लोकभाषा होती, असे म्हणता येईल. प्रस्तुत निबंधात कोवलमच्या संदर्भात या लोकभाषेचा विचार केला आहे.

आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो. म्हणून हा काळ कधी बावीस, तर कधी अठ्ठावीस दिवसांचा होतो. जांभळी मिस्सावस्त्रे, रविवारच्या मिस्सामधून वगळलेले गौरवगीत आणि पापनिवेदनावरील भर ही त्याची बाह्य लक्षणे होत. त्याचा अंतर्गत आशय दुहेरी आहे. बेथलेहेममधील जन्माची आठवण हा एक भाग, तर ख्रिस्ताच्या अंतिम आगमनाची वाट पाहणे हा दुसरा. याच काळात ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा महोत्सव येतो. नवव्या पायस पोपने १८५४ मध्ये याच दिवशी त्या सिद्धान्ताची अधिकृत घोषणा केली. पोर्तुगीज प्रदेशांत मात्र या भक्तीची मुळे त्याहून जुनी आहेत. चौथ्या जुआंव राजाने १६४६ मध्येच निष्कलंक मातेला पोर्तुगालची आश्रयदात्री मानले होते आणि पणजीचे सुप्रसिद्ध चर्च याच मातेला वाहिलेले आहे.

प्रतीक्षेचा संयम आणि महोत्सवाचा आनंद यांत एक ताण असतो. उपासनेच्या नियमांनी तो सोडविण्याचा यत्न केलेला दिसतो. ८ डिसेंबर आगमनकाळाच्या रविवारी आल्यास सर्वसाधारण नियमाने महोत्सव दुसऱ्या दिवशी ढकलला जातो. २०२४ मध्ये असाच प्रसंग आला होता. शास्त्रदृष्ट्या रविवार श्रेष्ठ ठरतो. लोकांच्या मनातील क्रम मात्र नेहमीच असा नसतो. ज्या घरी बाळ यावयाचे आहे, त्या घरात आधी आईची विचारपूस होते, हे लोकव्यवहाराचे साधे तर्कशास्त्र आहे.

या तर्काला मद्रासच्या परिसरात एक ठळक स्थान लाभले आहे. सेंट थॉमस माउंटवरील चर्च ‘प्रतीक्षेच्या माते’ला, म्हणजे प्रसूतीची वाट पाहणाऱ्या मरियेला, अर्पण केलेले आहे. तिचा सण १८ डिसेंबरचा. या सणाचे मूळ स्पेनमध्ये आहे. मार्चमधील देवदूताच्या निरोपाचा सण उपवासकाळात येतो, म्हणून ६५६ मधील टोलेडोच्या दहाव्या धर्मपरिषदेने तो १८ डिसेंबरला साजरा करण्याचे ठरविले. पुढे पोर्तुगीज लोक या मातेला ‘ओ’ची माता म्हणू लागले; कारण नाताळापूर्वीच्या सप्तकात सायंप्रार्थनेच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या पालुपदांचा आरंभ ‘ओ’ या संबोधनाने होतो. माउंटवर १५४७ मध्ये पहलवी लेख कोरलेला एक दगडी क्रूस सापडला. १८ डिसेंबर १५५८ रोजी, मिस्सा चालू असताना, त्यातून प्रथम घाम पाझरल्याची परंपरा सांगितली जाते. परंपरेचे ऐतिहासिक मूल्य काहीही ठरो, तिने निवडलेला दिवस अर्थपूर्ण आहे. लॅटिन सायंप्रार्थना फार थोड्यांना कळत असेल. पण दिवस भरत आलेली माता आणि पाझरणारा दगड ही चित्रे कोणालाही कळण्यासारखी होती.

कोवलमच्या कार्मेलमातेचे चित्रही असेच आहे. कार्मेल हा पॅलेस्टाइनमधील समुद्राकाठचा डोंगर. बायबलमधील राजांच्या पहिल्या ग्रंथात पुढील कथा येते. दीर्घ अवर्षणानंतर एलिया संदेष्टा या डोंगरावर प्रार्थनेला बसतो आणि आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहून येण्यास पुन:पुन्हा धाडतो. सहा वेळा काहीच दिसत नाही. सातव्या वेळी तळहाताएवढा एक ढग समुद्रातून वर येताना दिसतो आणि पाठोपाठ मोठा पाऊस येतो. कार्मेलाइट परंपरेने या लहानशा ढगात मरियेची प्रतिमा पाहिली, कारण मुक्तीचा पाऊस तिच्याद्वारे जगाला मिळाला. आगमनकाळाच्या लॅटिन उपासनेतही हीच प्रतिमा आहे. आकाशाने दव गाळावे आणि मेघांनी नीतिमत्तेचा वर्षाव करावा, ही यशया संदेष्ट्याची याचना या काळातील गायनात वारंवार येते. १६ जुलैची माता आणि डिसेंबरची प्रतीक्षा या दोहोंच्या मुळाशी कोरड्या भूमीने मेघाकडे लावलेले डोळे आहेत.

येथे ऋतुमानाचा विचार अपरिहार्य ठरतो. कोकणात जुलै म्हणजे भर पावसाळा. समुद्र खवळलेला आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. त्यामुळे वसई किंवा गोव्यात कार्मेलमातेचा सण येतो, तेव्हा एलियाचा ढग केव्हाच बरसू लागलेला असतो. डिसेंबरमध्ये मात्र तेथे आकाश निरभ्र असते, भाताची कापणी उरकलेली असते आणि मासेमारी जोरात चालते. चोळमंडल किनाऱ्यावर हे चक्र उलटे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस तेथे बेताचाच पडतो. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. कोवलममध्ये कार्मेलमातेचा सण मोठा पाऊस अजून दूर असताना येतो आणि आगमनकाळ मात्र मेघांच्या सान्निध्यात जातो. ज्या ढगाची जुलैत वाट पाहायची, तोच डिसेंबरमध्ये वादळ होऊन येऊ शकतो. एकच दिनदर्शिका दोन किनाऱ्यांवर दोन निरनिराळ्या अर्थांनी वाचली जाते. यशयाची याचना वसईच्या शेतकऱ्याला ओलाव्याची आठवण वाटेल. कोवलमच्या मच्छीमाराच्या मनात मात्र तिच्याबरोबर धाकही येईल.

लोकभाषेचा मुद्दा साहित्याच्या इतिहासातूनही तपासता येतो. मराठीपुरते पाहता फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हा या संदर्भातील श्रेष्ठ ग्रंथ होय. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाची रचनाच आगमनकाळाच्या धर्तीची आहे. ‘पैले पुराण’ विश्वाच्या निर्मितीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत येते आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्ताचे चरित्र सांगते. जुन्या कराराचा सारा विस्तार हा एका दीर्घ आगमनकाळासारखा ओवीतून श्रोत्यांपुढे येतो. धर्मांतरित झालेल्या समाजाला पुराणश्रवणाची जी सवय होती, तिच्याच आधाराने स्टीफन्स यांनी हिब्रू संदेष्ट्यांची वाट मराठी कानांना ओळखीची करून दिली. लॅटिन उपासनेत न कळणारा आशय अशा रीतीने चर्चच्या आवारात मराठीत ऐकू येऊ लागला.

तमिळ प्रदेशात असेच कार्य इटालियन जेझुइट कोन्स्तांझो बेस्की यांनी केले. वीरमामुनिवर या नावाने ते तमिळ साहित्यात मान्यता पावले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्यांच्या ‘तेंबावणी’ या महाकाव्याचा नायक मरियेचा पती योसेफ आहे. नाताळाची कथा घरधन्याच्या बाजूने सांगितल्यामुळे प्रतीक्षेला तेथे कौटुंबिक रूप येते. दोन्ही ग्रंथांनी आपापल्या भाषेतील प्रतिष्ठित काव्यपरंपरा स्वीकारली, हे त्यांचे साम्य. तमिळ लोकव्यवहारातील आणखी एक प्रयोग अधिक बोलका आहे. सामान्य तमिळ बोलीत कोणत्याही चर्चला सर्रास ‘मादा कोविल’, म्हणजे मातेचे देऊळ, म्हटले जाते. ते चर्च कोणत्या संताला वाहिलेले आहे, याने फरक पडत नाही. धर्मशास्त्राने पुत्राला केंद्रस्थानी ठेवले; बोलीने घराला आईचे नाव दिले.

दैनंदिन धर्मजीवनातही हे दिसते. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी होणारा अँजेलसचा घंटानाद देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचे स्मरण करून देतो. जपमाळेतील आनंदाची पहिली तीन रहस्ये, म्हणजे देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट आणि येशूचा जन्म, ही आगमनकाळाचीच संक्षिप्त कथा होय. मिस्सा लॅटिनमध्ये असली, तरी जपमाळ घराघरांत मातृभाषेत म्हटली जात होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना तमिळ आणि मराठीत आली. आगमनकाळाला तमिळमध्ये ‘तिरुवरुगैक्कालम्’, म्हणजे पवित्र आगमनाचा काळ, म्हणतात. आता यशया प्रत्यक्ष मातृभाषेत ऐकू येऊ लागल्यावर मातृभक्तीचे दुभाषेपण संपले, असे वाटणे स्वाभाविक होते. परिषदेने १९६४ च्या घोषणापत्रात मरियाभक्तीतील अतिशयोक्ती टाळण्याचा इशाराही दिला होता. परंतु सहाव्या पॉल पोपने १९७४ च्या ‘मारियालिस कुल्तुस’ या पत्रात आगमनकाळ हा प्रभूच्या मातेच्या भक्तीला विशेष अनुरूप काळ असल्याचे प्रतिपादन केले. किनाऱ्यावरील श्रद्धावंतांनी आचारातून जे जपले होते, त्याला उशिरा का होईना, शास्त्राची मान्यता मिळाली.

आजच्या तमिळ धर्मग्रामांत आगमनकाळाची बाह्य रूपे वाढली आहेत. वेदीजवळ चार मेणबत्त्यांचे हिरवे वर्तुळ दिसते. ही प्रथा मूळची जर्मनीतील प्रॉटेस्टंट परंपरेतून आलेली आहे. घरांवर कागदी चांदण्या लागतात, कॅरोल गाणाऱ्यांचे जथे फिरतात, तर ‘अन्बियम्’ या नावाने ओळखले जाणारे शेजारगट प्रार्थनेसाठी एकत्र येतात. याच सुमारास मार्गळी महिना सुरू होऊन वैष्णव मंदिरांत पहाटे ‘तिरुप्पावै’चे गायन होते. महाराष्ट्रातही मार्गशीर्षातील गुरुवारी स्त्रिया महालक्ष्मीचे व्रत करतात. या प्रथा एकमेकींपासून उद्भवल्या, असे मानण्यास आधार नाही. पण वर्षाच्या याच काळात शेजारीपाजारी सगळेच कोणाच्या तरी येण्याची तयारी करीत असतात, ही जाणीव आगमनकाळाला परका राहू देत नाही.

ही प्रतीक्षा सुरक्षित नाही, याचा प्रत्यय या किनाऱ्याला वारंवार आला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळाच्या दुसऱ्याच सकाळी, त्सुनामीच्या लाटांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. तो दिवस पवित्र कुटुंबाच्या सणाचा रविवार होता. वेलांकण्णीच्या मातेच्या यात्रेला आलेले अनेक भाविकही त्यात दगावले. २०२२ मध्ये निष्कलंक मातेच्या महोत्सवाच्या दुसऱ्या रात्री, ९ डिसेंबरला, मँडूस चक्रीवादळ कोवलमपासून जवळच असलेल्या मामल्लपुरमपाशी किनाऱ्यावर आले. पुढच्याच वर्षी, आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, मिचाँग वादळाच्या पावसाने चेन्नई जलमय झाली. समुद्रातून वर येणारा ढग काय घेऊन येईल, याची शाश्वती येथे कोणालाच नसते.

येथेच कार्मेलमातेच्या प्रतिमेचा खरा अर्थ उलगडतो. एलियाच्या कथेत सेवकाला सहा वेळा रिकामे क्षितिज पाहून परत यावे लागते. ढग सातव्या वेळी दिसतो. भक्तीचे मर्म त्या ढगाइतकेच आधीच्या सहा फेऱ्यांतही आहे. समुद्रावर गेलेल्या माणसांसाठी दारात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना या फेऱ्या शिकवाव्या लागत नाहीत. त्यांनी आपली प्रतीक्षा मरियेच्या प्रतीक्षेत मिसळली आणि आगमनकाळाला तमिळ किनाऱ्याचा अर्थ दिला. चर्चच्या इतिहासात बांधणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव राहते, जिंकणाऱ्या सेनानीचेही राहते. वाट पाहणाऱ्यांची नावे कोठे नोंदलेली नसतात. त्यांची साक्ष उरते ती सणांच्या क्रमात, घंटांच्या वेळांत आणि चर्चला आईचे देऊळ म्हणणाऱ्या बोलीत. कोवलमचा धार्मिक इतिहास लिहिताना १८०८ च्या बांधकामाइतकेच या साक्षीलाही साधनाचे स्थान द्यावे लागेल.