ससूनची गिरणी नेमकी कोणाची?

आपल्या पुष्कळ घरांत अजून सांगतात, "आजोबा ससून गिरणीत होते." खरंच, या गिरण्यांत आपले बरेच बेने इस्राएल लोक कामाला होते. मालक बगदादी, आपल्याहून वेगळ्या रीतीचे, पण यहुदी म्हणून जवळचे वाटत. तरी गिरणीचा मालक कोण, याचं कागदोपत्री उत्तर इतकं सरळ नाही.

डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले. त्यांची पेढी घरची भागीदारी होती. भागीदारीत देणं थकलं तर देणेकरी भागीदाराच्या घरादारापर्यंत पोचू शकतो. १८६७ साली त्यांचे चिरंजीव इलियास वेगळे झाले आणि त्यांनी ई. डी. ससून ही स्वतंत्र पेढी काढली. म्हणून आजोबा कोणत्या ससूनकडे होते, हे आधी विचारावं.

हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी काढता येऊ लागली. अशी कंपनी बुडाली तर भागधारकाने भागात घातलेला पैसा जातो, घर जात नाही. गिरणीला भांडवल फार लागे, म्हणून गिरणीची लिमिटेड कंपनी काढून भाग विकत. कारभार मात्र कराराने एका पेढीकडे असे. तिला मॅनेजिंग एजंट म्हणत. सगळे भाग एजंटाकडे नसले तरी कापूस खरेदी, यंत्रं, माणसं, विक्री त्याच्या हाती. पूर्वी मुंबईत कमिशन उत्पादनावर ठरे, रतलामागे पाव आणा. म्हणजे भागधारकाला तोटा झाला तरी एजंटाची मिळकत चालू! १९३६ च्या दुरुस्तीने कमिशन नफ्यावर आणलं आणि १९७० साली ही पद्धतच बंद झाली.

ई. डी. ससून पेढीने १९२० साली आपल्या गिरण्या 'ई. डी. ससून युनायटेड मिल्स लिमिटेड' या एका कंपनीत आणल्या. जेकब ससून मिल त्यांतलीच. एजंट अर्थात ई. डी. ससून कंपनी. आजच्या मूळ कंपनी आणि उपकंपनीसारखंच हे दिसतं, पण मूळ कंपनीची सत्ता बहुसंख्य भागांतून येते, एजंटाची करारातून येत असे.

१९४३ साली ससूननी या गिरण्या विकल्या आणि नाव झालं 'इंडिया युनायटेड मिल्स'. १९७४ साली त्या सरकारी झाल्या आणि नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे गेल्या. या महामंडळाच्याही प्रांतवार उपकंपन्या होत्या. दादरची सहा नंबरची गिरणी म्हणजे इंदू मिल. तिथेच आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहतं आहे.

गिरणीत साचे तेच, माणसं तीच, बोलण्यात नावही 'ससून'च. कागदावर मात्र मालक बदलत गेला. म्हणून आजोबांची नोकरी शोधताना फक्त 'ससून' हे नाव धरून बसू नये. आधी साल पाहावं: १९४३ नंतरचं असेल तर इंडिया युनायटेड मिल्स, १९७४ नंतरचं असेल तर महामंडळ. घरात हजेरीचं कार्ड, फंडाची चिठ्ठी किंवा नोकरीचा दाखला असेल, तर वरचं कंपनीचं पूर्ण नाव नीट वाचून नातवंडांना समजावून सांगू या. आपल्या माणसांनी त्या गिरण्यांत घाम गाळला, त्याचा पुरावा तेवढाच उरला आहे.