जुनी होडी ऑनलाइन विकत घेताय? आधी कागद बघा, मग रंग

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. समुद्र इथून लांब, सह्याद्रीच्या पलीकडे. पण याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे आणि त्याच्या जलाशयाला बाबू गेनूंचंच नाव दिलंय. ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. जमिनी गेलेल्या काही आदिवासी कुटुंबांनी पुढे जलाशयात मासेमारी सुरू केली. शेजारच्या जुन्नरमध्ये माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं आहेत.

पाणी आलं की होडी आली. नवी परवडत नसेल तर जुनी शोधायची, आणि ती शोधायची जागा म्हणजे मोबाइल. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. "फायबर बोट, इंजिनसह, अर्जंट विकणे" अशी जाहिरात, चार फोटो आणि एक नंबर. जुनी बाईक घेताना आरसी बुक मागायचं हे सगळ्यांना माहीत असतं. होडी घेताना नेमकं काय मागायचं?

होडीलाही नोंदणी असते का?

असते. ती कुठे, हे होडी कोणत्या पाण्यात चालते आणि कशावर चालते यावरून ठरतं.

नदी, तलाव आणि धरणाच्या पाण्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. इंजिनवर चालणाऱ्या होडीला या कायद्यानुसार तपासणीचा दाखला आणि नोंदणी लागते. मालक बदलला तर तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वल्ह्याने चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद आहे.

समुद्रातल्या मासेमारी नौकांची नोंदणी ‘रिअलक्राफ्ट’ या सरकारी पोर्टलवर होते. नौकेचा नंबर ‘आयएनडी’ने सुरू होतो, पुढे महाराष्ट्रासाठी ‘एमएच’ येतं. २६/११ च्या हल्लेखोरांनी मुंबई गाठण्यासाठी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका पळवली होती. त्यानंतर किनाऱ्यावर नौकांची नोंदणी आणि खलाशांची ओळखपत्रं याबाबत कडक धोरण आलं. त्यामुळे कोकणातली नौका घेताना कागदावरचा नंबर आणि नौकेवर रंगवलेला नंबर जुळतो का, हे आधी बघा.

स्वस्त होडी नेमकी कुठून आली?

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दौंड, इंदापूर भागात भीमा नदीत आणि उजनीच्या पाण्यात बेकायदा वाळूउपसा करणाऱ्या यांत्रिक बोटी महसूल आणि पोलीस पथकं पकडतात. जिलेटीन लावून त्या उडवून दिल्याच्या बातम्या नेहमी येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बेकायदा उपशातली यंत्रसामग्री जप्त करता येते. त्यामुळे जाहिरातीतल्या बोटीवर सक्शन पंप किंवा तो काढल्याच्या खुणा दिसत असतील आणि मालक कागदाचं बोलायला तयार नसेल, तर तिथेच थांबा.

दुसरा धोका चोरीच्या मालाचा. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचा साधा नियम आहे: ज्याची मालकी नाही, त्याच्याकडून सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही. तुम्ही पूर्ण पैसे मोजले असले, तरी खरा मालक होडी परत मागू शकतो.

तिसरा धोका कर्जाचा. अनेक मोठ्या नौका मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून बांधल्या गेल्या आहेत. तशी नौका असेल तर संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. होडीला सरकारी अनुदान मिळालं असेल, तर विक्रीबाबत काही अट आहे का हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

होडी घेतली म्हणजे मासे धरायचा हक्क मिळाला का?

नाही. इथेच अनेकांची गफलत होते. धरणातल्या मासेमारीचा हक्क साधारणपणे ठेक्याने दिला जातो, आणि तो बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थेकडे असतो. होडी तुमची असली तरी जाळं टाकायला परवानगी वेगळी. पर्यटकांना फिरवायचं असेल तर धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्या जलसंपदा विभागाची परवानगी लागते. हे आधी विचारलं नाही, तर होडी अंगणात उभी राहते आणि हप्ते चालू राहतात.

बघायला गेल्यावर काय तपासायचं?

• होडी पाण्याबाहेर काढून बघा. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळ बघायला हा काळ चांगला.
• फायबरवर बोटाच्या पेराने ठोकत जा. एकाच ठिकाणी आवाज बोदा आला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. ताजा रंग दिसला तर त्याखाली काय झाकलंय ते विचारा.
• मागच्या फळीवर, जिथे इंजिन बसतं तिथे, जोर देऊन बघा. ती हलली किंवा दबली तर लाकूड कुजलेलं असू शकतं.
• लाकडी होडीचे सांधे आणि खिळ्यांच्या जागा टोच्याने तपासा.
• इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. गिअरचं ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. इंजिनचा नंबर बिलाशी जुळवा.
• शेवटी पाण्यात चालवून बघा, लाइफ जॅकेट घालूनच.

पैसे कधी द्यायचे?

होडी आणि मूळ कागद बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, टोकन पाठवा, होडी ट्रकने येईल" ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. विकणाऱ्यालाही धोका असतो. "क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

व्यवहार ठरला तर विक्रीपत्र करा. त्यात दोघांची ओळखपत्रं, होडीचं माप, नोंदणी नंबर, इंजिन नंबर, रक्कम, तारीख आणि साक्षीदार असू द्या. नोंदणी लगेच नव्या मालकाच्या नावावर करा. नाहीतर उद्या ती होडी वाळूत सापडली, तर नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. बाबू गेनू हुतात्मा झाले ते सालही १९३०, त्यामुळे महाळुंगेकरांना हा नंबर लक्षात ठेवायला सोपा.

एवढी उठाठेव कशासाठी?

२१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण वारा सुटला की तिथेही लाटा उठतात. पाच हजार कमी करून घेण्यापेक्षा तळ आणि कागद बघायला एक दिवस जास्त दिलेला बरा.