कोंडवाडा, दंड आणि वाळीत : वऱ्हाडातील सामाईक चराईचा एक प्रश्न

अमरावतीहून नागपूरच्या वाटेने निघाले असता थोड्याच अंतरावर नांदगाव पेठ लागते. याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर हे दुसरे नांदगाव असल्याने 'पेठ' हे उपपद येथे अलंकारासाठी नाही, ओळखीसाठी आहे. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आणि १३५० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे परिचित आहे. ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी शेतीस की वीजकेंद्रास, हा वाद येथे गेल्या काही वर्षांत गाजला. तथापि सामाईक वस्तूचा उपभोग कोणी व किती घ्यावा, आणि मर्यादा ओलांडणाऱ्यास शासन कोणी करावे, हा प्रश्न या भागात वीजकेंद्राबरोबर आला असे मानणे चुकीचे होईल. तो त्यापूर्वी गुरांच्या रूपाने आला होता. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असून वऱ्हाडी बोलीतील गुराढोरांविषयीची शब्दावली जमवीत असता तो या इतिहासाकडे वळला.

'आखर' म्हणजे गावाबाहेर सकाळी गुरे जमण्याची जागा. 'ढोरकी' म्हणजे त्यांना रानात नेणारा. 'गोहन' म्हणजे कळप. हे तिन्ही शब्द एका सामाईक व्यवस्थेचे अवयव आहेत. चौथा शब्द 'कोंडवाडा' मात्र ती व्यवस्था बिघडली म्हणजे उपयोगात येतो.

पीक खाणाऱ्या गुरांचा तंटा आपल्याकडे फार जुना आहे. धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत 'स्वामिपालविवाद', म्हणजे गुरांचा धनी व गुराखी यांमधील वाद, हे एक स्वतंत्र पद आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा चराईसाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. आणि त्या पट्ट्यात कुंपण न घालता पेरलेले पीक गुरांनी खाल्ले तर राजाने गुराख्यास दंड करू नये, असेही पुढे म्हटले आहे. या नियमातील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. आधी चराईची जागा, मग कुंपणाची जबाबदारी, आणि त्यानंतर दंड, असा हा क्रम आहे.

मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेचा अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर आला आहे. त्या काळच्या कागदपत्रांत तंटा जिंकणाऱ्याने सरकारास द्यावयाची रक्कम 'हरकी' आणि हरणाऱ्याने द्यावयाची रक्कम 'गुन्हेगारी' या नावाने येते. आज 'गुन्हेगारी' म्हणजे गुन्हे करण्याची प्रवृत्ती असा अर्थ आपण घेतो. त्या काळी तो पैशाचा आकडा होता. मात्र निवाडा पैशावरच संपत नसे. तो गोतासमोर होई, आणि दोषी माणसास गोतात राहावयाचे असे. दंडाची खरी धार त्या राहण्यात होती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले व 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने घेण्यात येऊन १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडले गेले. यादरम्यान रयतवारी पाहणी झाली, शेतांस क्रमांक व हद्दीचे दगड मिळाले, १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग आला आणि कापसाखालील क्षेत्र वाढत गेले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवर १९९७ मध्ये, आणि मध्य हिंदुस्थानातील गुरांवर २००४ मध्ये ग्रंथ लिहिले. एका बाजूने कपाशीने व दुसऱ्या बाजूने राखीव जंगलाने चराईची भूमी आकसत गेली, ही त्यांची मुख्य मांडणी आहे. गुरांना जावयास जागा उरली नाही तेव्हाच त्यांना कोंडावयास जागा बांधण्यात आली, असे यावरून म्हणावेसे वाटते.

कोंडवाड्याचा कायदा म्हणजे १८७१ चा पहिला अधिनियम. वऱ्हाड हा तांत्रिक दृष्ट्या परकीय मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. या अधिनियमातील दराचा तक्ता मोठा बोलका आहे. हत्तीस दोन रुपये. उंट व म्हैस यांस आठ आणे. घोडा, बैल, गाय यांस चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांस दोन आणे. मेंढी, बकरी यांस एक आणा. वऱ्हाडातल्या कपाशीत हत्ती किती वेळा शिरले असतील हा प्रश्न बाजूस ठेवू. पण एकच तक्ता सर्व देशास पुरेल हा आत्मविश्वास त्यातून दिसतो.

या तक्त्यापेक्षा त्यामागील रचना अधिक महत्त्वाची आहे. ज्याच्या शेताचे नुकसान झाले त्याने जनावर धरावे व चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. दंड व चारापाण्याचा खर्च भरून धन्याने ते सोडवून न्यावे. दंड जनावराच्या जातीवर ठरे. त्याने दोन कणसे खाल्ली की अर्धे वावर, यावर नव्हे. दंडाची रक्कम कोंडवाड्याच्या खर्चास आणि उरल्यास रस्ते, पूल अशा सार्वजनिक कामास जाई. शेतकऱ्यास नुकसानभरपाई हवी असल्यास त्याने निराळी फिर्याद करावी. शिवाय जनावर बेकायदा धरले असे ठरले तर धरणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंत भरपाई घेण्याची तरतूद होती. सारांश, शासन घडवून आणणाऱ्याच्या पदरी दिवसाची मजुरी बुडणे, शेजाऱ्याचे वैर आणि एक कायदेशीर धोका इतकेच येई.

येथे अर्थशास्त्रातील अलीकडच्या प्रायोगिक संशोधनाचा उपयोग होतो. अर्न्स्ट फेर व सायमन गेख्टर यांनी २००० व २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. चार माणसांचा गट. प्रत्येकास वीस नाणी. त्यांपैकी सामाईक निधीत घातलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांसही ०.४ नाणे मिळते. गटास १.६ लाभ होतो, पण घालणाऱ्यास स्वतःचे ०.६ गमवावे लागते. असे डाव खेळत गेले असता सुरुवातीस बऱ्यापैकी असलेली वर्गणी हळूहळू घसरते. मग एक मुभा देण्यात आली : स्वतःचे एक नाणे खर्चून दुसऱ्याची तीन नाणी कमी करता येतील. झुरिक येथील २४० विद्यार्थ्यांच्या २००२ च्या प्रयोगात तीच माणसे पुन्हा एकत्र येणार नाहीत अशी योजना होती, म्हणजे शासन करण्यात पुढील लाभाची आशाही नव्हती. तरी लोकांनी पदरमोड करून अंगचोरांस शासन केले, आणि वर्गणी वाढली.

जनावर हाकीत कोंडवाड्याकडे निघालेला शेतकरी हाच तो पदरमोड करणारा माणूस होय. फरक इतकाच की झुरिकमध्ये शासन करणारा अनामिक होता. नांदगावसारख्या गावात संध्याकाळपर्यंत त्याचे नाव सर्वांस कळते.

दुसरा प्रयोग इस्रायलमधील हैफा शहरातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. दहा पाळणाघरांत मुलांना नेण्यास पालक उशिरा येत. त्यांपैकी सहा पाळणाघरांनी उशिरास दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी सुमारे दुप्पट झाला. पुढे दंड काढून टाकला तरी तो पूर्वपदावर आला नाही. उरी ग्नीझी व आल्दो रुस्तिकिनी यांनी याचा अर्थ असा लावला की दंड ही किंमत होऊन बसली, आणि जी गोष्ट आजवर संकोचाची होती ती विकत घेता येऊ लागली.

मराठी भाषेने हा भेद आधीच नोंदवून ठेवला आहे असे मला वाटते. शिक्षा आपण 'भोगतो'. दंड मात्र 'भरतो'. सारा भरणे, पट्टी भरणे, फी भरणे, त्याच पंक्तीत दंड भरणे. क्रियापदच देणे व मोकळे होणे सुचविते. उलट 'वाळीत टाकणे', 'पाणी बंद करणे', 'गोतात घेणे' या प्रयोगांत भरावयाचे असे काही नाही. चार आणे हा दर ज्या धन्यास दिवसाच्या चाऱ्याहून स्वस्त पडे, त्याच्या दृष्टीने कोंडवाडा हे शासन होते की चराईचे भाडे, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही.

यावरून गोताचा जुना मार्ग श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काही अभ्यासकांस होतो. तो अर्धाच खरा आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी वॉकर व गार्डनर यांच्यासह १९९२ मध्ये दाखविले की खेळणाऱ्यांस आपसांत बोलू दिले व शासनाचा नियम त्यांनीच निवडला तर सामाईक संपत्ती उत्तम राखली जाते. हुआन कामिलो कार्देनास व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबियाच्या खेड्यांत केलेल्या प्रयोगांत, बाहेरून लादलेला व ढिलाईने राबविलेला नियम हा नुसत्या आपसांतील बोलण्याहूनही कमी परिणामकारक ठरला. अमरावती जिल्ह्यातच याला पूरक उदाहरण सापडते. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावास वनाधिकार कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. ओसाड झालेल्या त्या जमिनीची राखण ग्रामसभेने हाती घेतली, सीताफळाचा व्यापार उभा राहिला, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार गावास लाभला. येथे हक्क आधी आला व बंधन मागून आले. हा मनुस्मृतीतील क्रम आहे, १८७१ चा नव्हे.

पण गोताची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. हेरमन, थ्योनी व गेख्टर यांनी २००८ मध्ये सोळा शहरांतील प्रयोगांची तुलना केली. काही शहरांत, विशेषतः अथेन्स व मस्कत येथे, अंगचोरांप्रमाणेच सढळ हाताने वर्गणी देणाऱ्यांसही शासन झालेले दिसले. सोळांत भारतीय शहर एकही नव्हते. ती उणीव काही अंशी कार्ला हॉफ, मयूरेश क्षेत्रमाडे व फेर यांच्या २०११ च्या निबंधाने भरून निघते. उत्तर प्रदेशातील खेड्यांत त्यांनी त्रयस्थाने करावयाच्या शासनाचा प्रयोग केला. आपल्या जातीच्या माणसाचे नुकसान झाले असता पदरमोड करून शासन करण्याची तयारी उच्च जातींत बरीच अधिक, आणि दलितांत कमी आढळली. अन्याय झाला तर उभे राहण्याची ऐपत हीसुद्धा वाटणीत आलेली वस्तू आहे, असा याचा अर्थ होतो.

वऱ्हाडच्या व महाराष्ट्राच्या वाचकास हे सांगावयास प्रयोगशाळेची गरज नाही. महाडचे चवदार तळे हे सार्वजनिकच होते. १९२७ मध्ये तेथे पाणी घेणाऱ्यांस शासन झाले ते नियम मोडल्याबद्दल नव्हे, हक्क बजावल्याबद्दल. दया पवारांनी १९७४ मधील आपल्या काव्यसंग्रहास 'कोंडवाडा' हे नाव दिले तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कोणास फोड करून सांगावा लागला नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध १९४९ मध्ये केलेला मुंबई राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अवैध ठरविला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा नवा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केला. मधली चोपन्न वर्षे वाळीत टाकण्यास अटकाव करणारा असा स्वतंत्र कायदा नव्हता. म्हणजे शिरजोर बैलास कोंडण्यासाठी १८७१ पासून कायदा होता. माणसास गावाबाहेर कोंडणाऱ्यासाठी तो एवढ्या विलंबाने टिकला.

वऱ्हाडात गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीस आजही 'ई-क्लास' म्हणतात. इंग्रजी अक्षर बोलीत इतके मुरले आहे की ते परके वाटत नाही. या जमिनींवर भूमिहीनांनी केलेली वहिवाट गुराख्याच्या दृष्टीने अतिक्रमण असते आणि भूमिहीनाच्या दृष्टीने पोटाचे साधन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तेव्हा पडीक सरकारी जमिनीची मागणी हाच त्याचा गाभा होता. प्रयोगातील चौघांच्या हाती प्रारंभीच वीस-वीस नाणी ठेवलेली असतात. आखरावर सकाळी उभा राहणारा ढोरकी बहुधा ज्या गुरांना हाकतो त्यांपैकी एकाचाही धनी नसतो. आणि १८७१ च्या तक्त्यात हत्तीपासून करडापर्यंत सर्वांचा दर आहे, त्याचा उल्लेख नाही.