घरात घडलेली तबकडी

मराठीत आपण सीडी ‘मारली’, डीव्हीडी ‘राइट केली’. ‘जाळली’ असे मात्र कोणी म्हटले नाही. इंग्रजीतला ‘बर्न’ हा शब्द तसा नेमका आहे. कोऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात आणि त्या खुणा म्हणजेच आपले चित्रण.

डीव्हीडीच्या मापदंडावर कंपन्यांचे एकमत १९९५ साली झाले. नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात पहिले प्लेअर विक्रीस आले. चित्रण पाहण्याची सोय झाली, पण ते घरी तबकडीवर उतरवण्याची नव्हती. जानेवारी २००१मध्ये ॲपलने पायोनियरचा राइटर बसवलेला संगणक आणि त्यासोबत ‘आयडीव्हीडी’ ही आज्ञावली आणली, तेव्हा हे काम घरगुती टेबलापर्यंत पोहोचले. पुढे विंडोज व्हिस्टातही ‘डीव्हीडी मेकर’ आला; २०१२च्या विंडोज ८मध्ये तो उरला नव्हता. घरगुती डीव्हीडीचे युग असे जेमतेम दशकभराचे.

संगणकातली फाइल नुसती तबकडीवर उतरवली की टीव्हीखालचा प्लेअर ती वाजवीलच, असे नव्हते. त्याला एमपेग-२ पद्धतीचे, आपल्याकडच्या पाल मापात ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्रण लागे. म्हणून काम तीन टप्प्यांत चाले. आधी रूपांतर, मग मेनू आणि प्रकरणे रचून ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर तयार करणे, शेवटी राइट करून तबकडी फायनलाइझ करणे. रूपांतराला संगणक रात्रभर लावून ठेवावा लागे.

खरी गोम आकड्यांत आहे. मिनीडीव्ही कॅसेटचा एक तास संगणकात सुमारे १३ जीबी जागा घेई. तबकडीत मावत ४.७ जीबी. दोन तासांचे लग्न एका तबकडीत बसवायचे, तर सेकंदाला आवाजासह जेमतेम पाच मेगाबिट वाट्याला येत. म्हणजे प्रत्येक घरगुती डीव्हीडी ही मूळ चित्रणातून बरेच काही वगळून केलेली प्रत असते. त्यातच हार्ड डिस्क भरली की मूळ फाइल पुसायची आणि कॅसेट पुन्हा वापरायची, ही सर्रास रीत. त्यामुळे पुष्कळदा ही उणी प्रतच आज एकमेव साधन उरते.

गावोगावच्या अशा तबकड्या मी गेली काही वर्षे पाहतो आहे. माझे लक्ष चित्रणाआधी मेनूकडे जाते. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टका, पंगत, वरात: कोणत्या प्रसंगाला स्वतंत्र बटण मिळाले आणि कोणता दुसऱ्यात मिसळला, हे कोणीतरी ठरवले होते. बखरकाराने प्रकरणे पाडावीत तसाच हा निर्णय. फरक इतकाच, की इथे बखरकार संगणकावर बसलेला भाचा किंवा कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला आहे.

आता अनेकजण या तबकड्यांतले चित्रण काढून एमपी४ करतात आणि तबकडी टाकून देतात. त्यात मेनू जातो, प्रकरणांची रचनाही बहुधा जाते, आणि आधीच दाबलेले चित्र पुन्हा दाबले जाते. त्याऐवजी संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रत करावी. पाहण्यासाठी हवी तर एमपी४ वेगळी काढावी. रंगद्रव्य काळानुसार विटते आणि नव्या लॅपटॉपांत ड्राइव्हच नसतो. कपाटातल्या तबकड्या अजून वाचता येतात, तोवर हे काम उरकायला हवे.