खिशात न मावलेला ट्रान्झिस्टर

सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात एक गंमत सांगितली आहे. १९५७ साली त्यांनी टीआर-६३ हा रेडिओ बाजारात आणला. जाहिरात केली ‘खिशात मावणारा रेडिओ’ म्हणून, पण नेहमीच्या सदऱ्याच्या खिशात तो काही केल्या शिरेना. मग रेडिओ लहान करत बसण्याऐवजी विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशाचे सदरे शिवून घेतले. हे वाचलं आणि मला माझ्या दुकानातली फळी आठवली. तिच्यावर दुरुस्तीला आलेल्या ट्रान्झिस्टरांपैकी एखादाच कोटाच्या खिशातसुद्धा गेला असता. बाकीचे सगळे खांद्याला अडकवायचे, नाहीतर बैलगाडीच्या साटीला टांगायचे.

मी कराडचा रेडिओ मेकॅनिक. दुकान मामांचं, शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो आणि पुढे तिथेच बसलो. ट्रान्झिस्टरचा इतिहास लिहिणारे नेहमी तो कसा लहान होत गेला ते सांगतात. आमच्याकडे तो लहान झालाच नाही, आणि त्याला कारणं होती.

आधी व्हॉल्व्हचं थोडं सांगतो. व्हॉल्व्हचा रेडिओ म्हणजे घरातलं एक माणूसच. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको. मर्फीचा कारखाना तर इथे ठाण्यालाच होता. सेट चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. भारीतल्या सेटला हिरवा डोळा असायचा. स्टेशन नीट लागलं की त्याची पापणी मिटत यायची. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी ताणलेली. म्हणजे वर एरियल, मागे विजेची वायर, खाली टेबल आणि टेबलावर विणलेलं कापड. असा सेट घराला बांधलेला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी झाली, तेव्हा लोक रेडिओ असलेल्या घरी जाऊन बसायचे. रेडिओ त्यांच्याकडे जाणं शक्यच नव्हतं.

ज्या गावांत वीज नव्हती तिथे बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट होते. त्यातले व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्ट लागायचे, पण प्लेटला ९० व्होल्ट. त्यासाठी विटेएवढी बॅटरी यायची. ती महाग, तालुक्यालाच मिळणार, आणि संपली की पुढची येईपर्यंत सेट मुका. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग केला: पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि आमचा तेव्हाचा उत्तर सातारा अशा ५ जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोता-मंडळं. रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. ऐकून झालं की मंडळाने त्यावर चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने आधी आणि नंतर मुलाखती घेतल्या. मंडळाच्या गावांत माहिती खरोखरच वाढलेली दिसली. जगभर या प्रयोगाचा दाखला देतात. मामा मात्र म्हणायचे, खताबियाण्याची चर्चा होतच असेल, पण आमच्याकडे येणारा माणूस फक्त बॅटरीचीच चर्चा करायचा.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवलं म्हणजे ट्रान्झिस्टरने इथे काय केलं ते कळतं. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला; १९५६ मध्ये शॉक्लीसह तिघांना नोबेल मिळालं. १९५४ च्या अखेरीस रीजन्सी टीआर-१ हा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत दुकानात आला. आत अवघे ४ ट्रान्झिस्टर, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, आणि साडेबावीस व्होल्टची एक खास बॅटरी, जी जेमतेम वीसेक तास चालायची. तिकडच्या पोराला ते परवडलं. त्याला आई-बापांच्या दिवाणखान्यापासून दूर, स्वतःच्या खोलीत, स्वतःची गाणी ऐकायची होती. त्यासाठी इवलासा स्पीकर किंवा कानात घालायचं बोंडूक पुरे होतं.

आमच्या गिऱ्हाइकाला स्वतःची खोली कुठली? त्याला रेडिओ पाराजवळ ऐकायचा, मोटेवर ऐकायचा, आणि आपल्याबरोबर आणखी दहा जणांनी ऐकावा असंही त्याला वाटायचं. नाहीतर घेतल्याचा उपयोग काय! म्हणून स्पीकर मोठा हवा. मोठा स्पीकर म्हणजे मोठं खोकं. आणि सेल कुठले? तर टॉर्चचे, जाडे. ते कुठल्याही वाण्याकडे मिळत, ३ किंवा ४ घातले की महिनोन्‌महिने बघायला नको. म्हणून खोकं आणखी मोठं. वर चामडी कव्हर, त्याला समोरून भोकांची नक्षी आणि खांद्याला पट्टा. जपानी खिशातला सेट कुणी आखातातून नाहीतर बोटीवरून आणलाच, तर लोक कौतुकाने हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, याचा आवाज एवढाच का?

माझ्या मते आमचे लोक बरोबर होते. वस्तू कशी हवी ते दुकानाच्या काचेआड ठरत नाही, ती कुठे टांगायची आहे त्यावर ठरतं.

सरकारला मात्र हा हिंडता रेडिओ पचायला जड गेला असावा. १९३३ च्या वायरलेस कायद्याप्रमाणे घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, पुस्तकावर तिकिटं लावून शिक्का मारून घ्यायचा. एका जागी बसलेल्या रेडिओसाठी ही व्यवस्था ठीक होती. खांद्याला अडकवून यात्रेला निघालेल्या रेडिओचं काय? मामा सेट उघडण्याआधी लायसन्सचं पुस्तक मागायचे. पुस्तक नाही म्हटलं की गिऱ्हाईक ठरलेलं उत्तर देई: पाहुण्यांचा आहे. त्या काळी आमच्या तालुक्यात पाहुण्यांचे ट्रान्झिस्टर घरच्यांपेक्षा जास्त होते. ऐंशीच्या दशकात हे लायसन्स रद्द झालं, आणि पाहुणे एका रात्रीत नाहीसे झाले.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट आमच्या भागातलं कुणी विसरणार नाही. सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात दीडशेहून जास्त माणसं गेली. वीजकेंद्र बंद पडल्याने मुंबईपर्यंत अंधार झाला. कराडात लोक अंथरुणं घेऊन उघड्यावर आले होते, घरात जायची कुणाची छाती होईना. व्हॉल्व्हचे रेडिओ आत, विजेविना. जे काही ऐकलं ते मैदानात आणलेल्या ट्रान्झिस्टरांवर. सकाळच्या बातम्यांना एकेका सेटभोवती अशी गर्दी की मालकालाच ऐकू येईना. त्यानंतरच्या दिवसांत दुकानात सेट विचारायला आलेल्यांपैकी कुणीही गाण्यांचं नाव काढलं नाही.

त्याच सुमाराला दिल्लीत आरोग्य आणि कुटुंबनियोजन खात्याचे मंत्री श्रीपती चंद्रशेखर यांनी नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला ट्रान्झिस्टर द्यावा अशी कल्पना मांडली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती उचलली. आमच्याकडे तिचे विनोदच जास्त झाले. कुणी नवा सेट घेऊन दिसला की चारचौघांत त्याची खैर नसायची. विनोद सोडून दिला तरी एक गोष्ट उरतेच: एवढ्या मोठ्या गोष्टीच्या बदल्यात द्यायला जी वस्तू मंत्र्याला सुचली, ती ही होती.

आता दुरुस्तीकडे येतो, कारण माझा खरा इतिहास तिथे आहे. बिघाड ठराविक. सेल पाझरून पत्र्या हिरव्या पडायच्या. डायलची दोरी तुटायची. व्हॉल्यूम कंट्रोल खरखरायचा. सेट पडला की आतली फेराइटची कांडी मोडायची. ही कांडी म्हणजे मीडियम वेव्हची एरियल. तिच्या आडव्या बाजूने आलेली लहर तिला पकडता येते, टोकाकडून आलेली येत नाही. म्हणून लोक सेट हातात घेऊन गोल फिरायचे आणि आवाज भरला की तिथेच थांबायचे. बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंट्री चालू असताना कुणी सेटला धक्का लावला तर भांडणं व्हायची. रेडिओ सिलोनचं तसं नव्हतं. ते शॉर्टवेव्हवर, त्याला लांब होणारी दांडी लागायची, आणि तरी आवाज लाटेसारखा जवळ येऊन लांब जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं सेट नादुरुस्त आहे. आकाशातला थर वरखाली होतो, त्याला मी काय करू, हे सांगून त्याला पटायचं नाही.

सगळ्यात जास्त काम मात्र गिऱ्हाइकांनीच दिलं. आत पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्या असतात, आयएफटी. पिवळी, पांढरी, काळी, आणि ऑसिलेटरची लाल. प्रत्येकीच्या डोक्यावर स्क्रूसारखी खाच. तो स्क्रू नसतोच. नेमका जमवलेला (आयएफटीचा ४५५ किलोहर्ट्झवर) नाजूक गाभा असतो आणि तो प्लॅस्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचा. पण घरचा हुशार मुलगा सेट उघडायचा, चारही ‘स्क्रू’ ढिले दिसायचे, आणि तो ते गच्च आवळून टाकायचा. सेट ठार बहिरा. आणि वर दुकानात येऊन सांगायचा, आम्ही हात नाही लावला.

सुटे भाग मुंबईहून यायचे, लॅमिंग्टन रोडवरून. रस्त्याला नाव मुंबईच्या एका गव्हर्नराचं, नंतर ते बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं. पण कंडेन्सर घ्यायला जाणाऱ्याने ते नवं नाव घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतल्यावर एसी-१२८ सारखा माल सहज मिळू लागला. मग कॅबिनेट, स्पीकर, गँग, आयएफटीचा संच असं वेगवेगळं आणून तालुक्यातालुक्याला मेकॅनिक आपले सेट जोडू लागले. आम्हीही जोडले. कंपनीच्या सेटपेक्षा स्वस्त, आणि दिसायला ओबडधोबड. ज्याला कंपनीचा सेट जमत नव्हता त्याच्या घरी रेडिओ गेला तो असाच, राळेच्या वासाच्या कुठल्यातरी दुकानातून. या सेटांवर नाव नव्हतं, म्हणून संग्रहालयात आणि जाहिरातींच्या पुस्तकांत ते कुठेच नाहीत. जमेल त्याने एखादा जपून ठेवावा. मी नाही ठेवला, तेव्हा सगळे विकण्यासाठीच होते.

पुढे कॅसेटचा टू-इन-वन आला, १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंगीत टीव्ही आला, सर्किटच्या जागी आयसी बसली आणि रेडिओ दुरुस्तीपेक्षा नवीन घेणं सोपं झालं. त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे.

अजून वर्षाकाठी थोडे सेट येतात. आजोबांचा आहे, चालू करून द्या, म्हणतात. एसी-१२८ शोधावा लागतो, पण मिळतो. चालू करून दिला की आठवड्याने फोन: काका, नुसती घरघर येते. सेट चांगला असतो. घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर एवढा कचरा ओततात की त्यातून स्टेशन ऐकू येत नाही. मी सांगतो, सेलवर लाव आणि अंगणात घेऊन जा. बहुतेकांना अंगण नसतं; मग गच्चीवर जा म्हणतो. गेलेल्यांपैकी काही जण वरूनच फोन करून कळवतात, लागलं म्हणून.