रेवदंड्याचे तटबंद नगर

रेवदंडा हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले गाव असून त्याचा बराचसा भाग पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आत आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत या नगरालाही चौलच म्हटले जाई; मूळचे प्राचीन चौल बंदर येथून जवळच आहे. घाटमाथ्यावरील माल बोरघाट उतरून आजच्या खालापूर तालुक्यातून या किनाऱ्याकडे येत असे.

इतिहास

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला. भोवती व्यापाऱ्यांची घरे, मठ व चर्चे वाढत गेली. मात्र या वाढत्या वस्तीला पुरेसे संरक्षण नव्हते. ही उणीव १५७० मध्ये उघडी पडली. मुर्तजा निजामशहाने मोठ्या फौजेनिशी वेढा घातला, तेव्हा नगरवासीयांनी बाहेरच्या वस्त्या रिकाम्या केल्या, चर खणले आणि दगडी घरे व मठ यांनाच बुरुजांचे काम दिले. १५७१ मध्ये तह होऊन वेढा उठला. आज दिसणारा भक्कम तट मुख्यतः त्यानंतरचा आहे. म्हणजे नगराची खरी कसोटी तट उभा राहण्यापूर्वीच होऊन गेली होती. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी समोरच्या तीरावरील कोर्लईचा डोंगरही निजामशहाकडून जिंकला. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले.

स्वरूप

मध्ययुगीन इटलीतील नगरांप्रमाणे येथेही तटाच्या आत चर्चे, मठ व घरे दाटीने होती. इटलीतील लुक्का या शहराचा सध्याचा तट साधारण रेवदंड्याच्याच काळातला, सोळाव्या-सतराव्या शतकांतला. तोफांचा मारा सोसण्यासाठी बांधलेल्या त्या तटावर आता नागरिक फिरावयास जातात. रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांनी जुनी घरे व रस्ते गिळून टाकले असून तट जागोजागी झाडीत हरवतो. मोटाररस्ता तट छेदूनच गावात शिरतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या मनोऱ्याला लोक ‘सातखणी’ म्हणतात, पण त्याचे सातही मजले आता उभे नाहीत.

पोर्तुगीज सत्ता गेली तरी भाषा मागे राहिली. कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली अजूनही घरात बोलतो.