खोल उडीची कुळकथा

शोध एकाने लावावा आणि नाव दुसऱ्याने ठेवावे, हा प्रकार विद्येच्या इतिहासात नवा नाही. जमिनीच्या दाव्यात मूळ मालक कोण, वहिवाट कोणाची आणि दप्तरी नाव कोणाचे लागले, हे तीन प्रश्न निरनिराळे असतात आणि त्यांची उत्तरेही पुष्कळदा निरनिराळीच येतात. व्यायामशास्त्रातील एका पद्धतीची कुळकथा वाचीत असता आम्हांस ह्या तिन्ही प्रश्नांची वारंवार आठवण झाली. ‘प्लायोमेट्रिक्स’ ह्या काहीशा बोजड नावाने ती पद्धती आज जगभर ओळखली जाते. धावपटू, उडीपटू, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल खेळणारे, सर्वजण तिचा अवलंब करतात. परंतु ती जेथे जन्मली तेथे तिचे नाव हे नव्हते, आणि ज्याने तिला जन्म दिला त्याला हे नाव कधी आपलेसे वाटले नाही.

प्रथम ती वस्तू काय आहे ते सांगावयास हवे. गुडघ्याहून उंच अशा एखाद्या पेटीवर उभे राहावयाचे, तेथून पाऊल पुढे टाकून खाली पडावयाचे, आणि तळपाय जमिनीस लागताक्षणीच, यत्किंचितही न थांबता, शक्य तितके उंच उसळावयाचे. एवढेच! ह्यालाच खोल उडी म्हणतात. वरवर पाहता पोरखेळ वाटावा अशी ही क्रिया आहे, पण तिचे सारे मर्म ‘न थांबता’ ह्या शब्दांत आहे. पडताना मांडीचे व पोटरीचे स्नायू ताणले जातात, आणि तो ताण विरण्यापूर्वीच ते आकुंचन पावू लागले तर त्यांच्या ठायी एरवीपेक्षा अधिक जोर प्रकट होतो. मध्ये क्षणभर विसावा घेतला की तो लाभ गेला.

हे तत्त्व माणसाला अंगवळणी फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोणीही लहान मूल उंच उडी मारण्यापूर्वी आपोआप गुडघे वाकवून खाली बसकण घेते. त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये मारे आणि देमनी ह्या दोन संशोधकांनी माणसाच्या उडीचे मापन केले, तेव्हा लागोपाठ दोन उड्या मारल्या असता दुसरी अधिक उंच जाते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. आमच्याकडील तालमींतही झपाट्याने मारलेल्या बैठकांत आणि उड्यांच्या बैठकांत ह्याच तत्त्वाचा अंश आहे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी जो दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध केला, तो चाळणाऱ्यास आपल्या पूर्वजांनी शरीराच्या हालचालींचा केवढा बारकाईने विचार केला होता ह्याची साक्ष पटते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या गावी मारुतीच्या देवळालगत तालीम होती, आणि त्यांना हे सांगावयासही नको.

तथापि ह्यावरून ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ असा जो दावा कधीकधी ऐकू येतो, तो आम्हांस मान्य नाही. झाडावरून फळ पडताना सर्वांनीच पाहिले होते. त्यावरून गुरुत्वाकर्षणाच्या नियमावर सर्वांचा हक्क पोचत नाही. किती उंचीवरून पडावे, किती वेळा पडावे, किती दिवसांनी पुन्हा पडावे आणि कोणी मुळीच पडू नये, हे प्रयोगाने ठरवून मोजमापासह मांडणे, ह्याला पद्धती म्हणतात. ते काम झाले मॉस्को येथे, विसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत.

सोव्हिएत संघाने ऑलिंपिक सामन्यांत प्रथम भाग घेतला तो १९५२ साली, हेलसिंकी येथे. त्यानंतर तेथे मैदानी खेळांच्या शास्त्राकडे राज्याचे लक्ष वळले. ह्या काळात यूरी वेर्खोशान्स्की (जन्म १९२८) हा तरुण शिक्षक मॉस्कोतील एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांना मैदानी खेळ शिकवीत असे. मॉस्कोचा हिवाळा म्हणजे कित्येक महिने बर्फाखाली गाडलेले मैदान. बंदिस्त क्रीडागार त्याच्या वाट्यास आले नव्हते. तेव्हा इमारतीतील जी अडचणीची जागा मिळाली तेथेच त्याने आपल्या उडीपटूंच्या खांद्यावर लोखंडी वजनाचा दांडा देऊन त्यांच्याकडून अर्ध्या बैठका मारून घेण्यास आरंभ केला. वजने उचलली की खेळाडूचे अंग जड होते, त्याची चपळाई जाते, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. हिवाळा सरल्यावर त्याचे विद्यार्थी मैदानात उतरले ते अधिक जोमाने उड्या मारू लागले, आणि समज खोटा ठरला.

परंतु वजन वाढवीत नेण्यालाही मर्यादा होती. खांद्यावरील भार पाठीच्या कण्यावर पडतो, आणि काही खेळाडूंच्या पाठी दुखू लागल्या. वेर्खोशान्स्की तिहेरी उडीचा अभ्यासक. त्या उडीत, म्हणजे आपल्या मैदानांवर जिला ‘हॉप-स्टेप-जंप’ म्हणतात तीत, धावत आलेला खेळाडू एका पायावर उसळतो, त्याच पायावर पडतो, लगेच दुसऱ्या पायावर झेपावतो आणि तेथून वाळूत उडी घेतो. प्रत्येक वेळी पाय जमिनीवर टेकतो तो सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा, आणि तेवढ्यात त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. खांद्यावर एवढे वजन देऊन कोणाला बैठक मारावयास सांगितले तर तो जागीच कोसळेल. मग उडी मारताना तोच पाय हा भार कसा सोसतो? वेर्खोशान्स्कीला ह्या प्रश्नातच उत्तर सापडले. भार देणारी वस्तू लोखंड नव्हे, पतन होय. तेव्हा लोखंड बाजूस ठेवावे आणि माणसालाच उंचावरून पडू द्यावे. पृथ्वीच त्याला हवा तेवढा भार देईल, आणि कण्यावर ओझे ठेवावे लागणार नाही.

ह्या पद्धतीला त्याने ‘आघातपद्धती’ अशा अर्थाचे रशियन नाव दिले. १९६६ व १९६७ साली मैदानी खेळांच्या रशियन मासिकात त्याचे लेख आले. त्यांतील एकाचे शीर्षकच मुळी ‘खोल उड्या उपयुक्त आहेत काय?’ असे प्रश्नरूप होते. उत्तर देताना त्याने उंचीचे मोजमाप सांगितले. वेग वाढवावयाचा असेल तर सुमारे पाऊण मीटर, बळ वाढवावयाचे असेल तर १.१ मीटरपर्यंत. पाऊण मीटरवरून पडणारा देह जमिनीस पोचताना सेकंदास सुमारे ३.८ मीटर वेगाने येतो, आणि १.१ मीटरवरून आला तर सुमारे ४.६ मीटर, हा वेग पायांनी क्षणार्धात शून्यावर आणून उलट दिशेस फिरवावयाचा असतो. ह्याहून अधिक उंची घेतली तर खेळाडूचा सारा जोर आघात सोसण्यातच खर्ची पडतो आणि उसळी मंदावते. मुरलेल्या खेळाडूनेसुद्धा एका वेळी चाळीसहून अधिक उड्या मारू नयेत आणि आठवड्यातून दोन वेळांहून अधिक हा प्रयोग करू नये, अशीही मर्यादा त्याने घातली. नवशिक्यांसाठी हे नव्हेच. आधी साध्या उड्या आणि वजनांच्या बैठकांनी पाय सिद्ध व्हावेत, असा त्याचा आग्रह होता. आम्ही ह्या अटींवर भर देतो तो हेतुपूर्वक, कारण पुढे पद्धतीचा प्रवास सुरू झाला तेव्हा प्रथम गळाल्या त्या अटीच.

देहाच्या आत नेमके काय घडते, ह्याचा शोध दुसरीकडे चालू होता. ताणलेला स्नायू प्रतिक्षेपाने आकुंचन पावतो, हे इंग्लंडात लिडेल व शेरिंग्टन ह्यांनी १९२४ सालीच दाखविले होते. इटलीत मिलान येथे काव्हान्या ह्याने १९६५ साली प्रयोग प्रसिद्ध केला तो असा की, आकुंचनापूर्वी ताणलेला स्नायू न ताणलेल्यापेक्षा अधिक काम करतो. पुढे फिनलंडात कोमी आणि त्याचे सहकारी बोस्को ह्यांनी खेळाडूंवर हेच पडताळून पाहिले. ह्या अधिक जोराचे श्रेय टाचेच्या दोरीसारख्या कंडरांच्या लवचिकपणाला किती, प्रतिक्षेपाला किती, आणि पडतानाच स्नायू आगाऊ ताठ होतात त्याला किती, ह्याबद्दल शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. वेर्खोशान्स्कीने वाटणीच्या ह्या निवाड्याची वाट पाहिली नाही. ते शहाणपणाचेच झाले असे आम्हांस वाटते.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष ह्याकडे गेले ते १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर. तेथे युक्रेनच्या वालेरी बोर्झोव्हने १०० मीटरची शर्यत १०.१४ सेकंदांत आणि २०० मीटरची २०.०० सेकंदांत जिंकली. वेगाच्या शर्यती अमेरिकेच्या मिरासी समजल्या जात. तेव्हा ह्या माणसाने खाल्ले काय, केले काय, ह्याची चौकशी सुरू झाली आणि उत्तर म्हणून त्याच्या उड्यांच्या व्यायामाकडे बोट दाखविण्यात आले. साक्षीपुराव्याचा विचार करणाऱ्यास हे अनुमान घाईचे वाटते. बोर्झोव्हच्या तयारीत उड्या होत्या हे खरे, परंतु कीव्ह येथे पेत्रोव्हस्की ह्या शिक्षकाच्या हाताखाली झालेल्या त्याच्या तयारीत इतरही पुष्कळ गोष्टी होत्या. शिवाय १०० मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीस अमेरिकेचे हार्ट आणि रॉबिन्सन हे दोन धावपटू वेळेवर पोचलेच नाहीत, कारण त्यांच्या शिक्षकाजवळचे वेळापत्रक जुने होते! प्रतिपक्ष गैरहजर राहिला तर हुकूमनामा एकतर्फी होतो. त्यावरून वादीची बाजू खरी की खोटी हे ठरत नाही. २०० मीटरची गोष्ट मात्र वेगळी, हेही सांगितले पाहिजे. तेथे अमेरिकन हजर होते.

आता नामकरणाकडे वळू. ‘प्लायोमेट्रिक्स’ हा शब्द प्रचारात आणला तो अमेरिकेच्या फ्रेड विल्टने, १९७५ साली. ‘अधिक’ आणि ‘माप’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून तो जुळविलेला आहे. विल्ट हा गृहस्थ मोठा चमत्कारिक. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला हा माणूस पेशाने अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तपोलीस खात्यातील अधिकारी होता. १९५० च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एक मैलाच्या शर्यतीत तो आणि गेरमन इतके बरोबरीने पोचले की पंचांत मतभेद झाला. निकाल गेरमनच्या बाजूने, अपिलात विल्टच्या बाजूने, आणि पुन्हा वरच्या अपिलात गेरमनच्या बाजूने असा सुमारे दहा महिने फिरत राहिला. चार मिनिटांच्या शर्यतीस दहा महिन्यांचा खटला! आमच्या धंद्यातील मंडळींनी ह्यावरून धीर घ्यावयास हरकत नाही.

विल्टने काही चोरी केली असे आम्ही म्हणत नाही. रशियन लेखांची इंग्रजी भाषांतरे मायकेल येसिस ह्या अमेरिकन प्राध्यापकाच्या नियतकालिकातून साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून येतच होती, आणि उगम रशियन आहे हे कोणी लपविले नव्हते. परंतु नावाचा एक परिणाम झाला. ‘आघातपद्धती’ हे नाव ऐकताच माणूस सावध होतो. आघात किती आणि कोणावर, हे विचारतो. ग्रीक नावात तो इशारा नाही. पाहता पाहता साध्या दोरीवरच्या उड्यांपासून खोल उडीपर्यंत सर्वच उड्या त्या एका नावाखाली जमा झाल्या, आणि सर्वच सारख्या निरुपद्रवी वाटू लागल्या. शाळाकॉलेजांतील मुले पेट्यांवरून शेकडो उड्या मारू लागली. गुडघ्यांच्या वाट्या आणि टाचा दुखावल्या. मग शहाणपण सुचून, स्वतःच्या वजनाच्या दीडपट भार खांद्यावर घेऊन बैठक मारता आल्याखेरीज खोल उडी करू नये, असा दंडक अमेरिकन शिक्षकांत रूढ झाला. पुढील अभ्यासाने लहान मुलांच्या हलक्या उड्यांपुरता तो सैल केला गेला, आणि ते योग्यच होते. लंगडी खेळणाऱ्या मुलीला वजनाचा दाखला मागणे हास्यास्पद होय.

सिद्ध नसलेल्या पायावर अकस्मात आघात आला म्हणजे काय होते, ह्याचे एक दुःखद उदाहरण आपल्या देशाच्या खात्यावर जमा आहे. हेन्री रिबेलो हा एकोणीस वर्षांचा तरुण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत पोचला होता. त्या वर्षी त्याने ५० फुटांपलीकडे उडी मारली होती, आणि पदकाची आशा बाळगावी अशीच ती होती. स्वीडनच्या ऑमनने सुवर्णपदक जिंकले ते १५.४० मीटरला. दिवस थंड होता. रिबेलो धाव घेणार एवढ्यात पारितोषिकसमारंभासाठी त्याला थांबविण्यात आले. तो तसाच थंडीत उभा राहिला, आणि परवानगी मिळताच धावला. पाय फळीवर आदळताच मांडीमागचा स्नायू फाटला, आणि त्याची क्रीडा तेथेच संपली. आज आमच्या गावोगावी पोलीस व सैन्याच्या भरतीची तयारी करणारे तरुण पहाटे कठीण फरसबंदीवर, अंगात ऊब आलेली नसताना, पायऱ्यांवरून उड्या टाकताना दिसतात. त्यांच्यापैकी कोणास ही हकीकत ठाऊक असेल असे वाटत नाही. त्यांना कोणी तरी चाळीसचा आकडा आणि मऊ जमीन, एवढे तरी सांगावे.

तिहेरी उडीचे पुढे काय झाले तेही नोंदविण्याजोगे आहे. पोलंडच्या श्मिटने १९६० साली १७.०३ मीटर उडी मारून सतरा मीटरची वेस प्रथम ओलांडली. सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर सानेयेव्हने १९६८, १९७२ आणि १९७६ अशी सलग तीन सुवर्णपदके घेतली. भारताच्या एल्डहोस पॉलने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविले ते नेमके त्याच १७.०३ मीटरला, आणि अवघ्या एका सेंटिमीटरने मागे राहिलेला रौप्यपदकाचा मानकरी अब्दुल्ला अबूबकर हाही भारतीयच.

वेर्खोशान्स्की उत्तर आयुष्यात इटलीत जाऊन राहिला आणि २०१० साली रोम येथे वारला. आपल्या लेखनात त्याने ‘आघातपद्धती’ हेच नाव शेवटपर्यंत चालविले. रोमच्या व्यायामशाळांतून मात्र तोवर दुसरेच नाव रुळले होते.